एनआरएल संपल्यावरचं रग्बी लीग : गावच्या संघांत खेळणारे माजी व्यावसायिक

मुरमबिजीकाठ :

क्रिकेटवर इथे ढिगाने धागे निघतात. रग्बी लीगवर एकही दिसला नाही, म्हणून हा काढतोय. न्यू साउथ वेल्स किंवा क्वीन्सलँडच्या आतल्या भागात ज्यांचं घर आहे त्यांना हा खेळ टाळून राहता येत नाही. दवाखान्यात, शाळेच्या फाटकाशी, केस कापायला गेलं तरी विषय तोच. मी वागा वागाला राहतो. मला बोलायचंय ते मात्र वरच्या झगमगाटाबद्दल नाही, तिथून उतरल्यावरही खेळत राहणाऱ्या खेळाडूंबद्दल.

ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एका बाजूला १३ जण. चेंडू हातात घेऊन पळायचं, समोरच्याने पाडलं की उठून पायाने चेंडू मागे सरकवायचा आणि पुन्हा चढाई. सहाव्यांदा पाडले गेलात की चेंडू समोरच्यांकडे. १५ जणांचं रग्बी युनियन हा वेगळा खेळ. सगळ्यांत वरची स्पर्धा एनआरएल, म्हणजे नॅशनल रग्बी लीग. तिच्यात सध्या १७ क्लब, प्रत्येकाच्या मुख्य यादीत ३० खेळाडू. म्हणजे पुरुषांमध्ये पाचशेच्या आसपास लोकांचंच पोट या खेळावर नीट भरतं. त्याखाली न्यू साउथ वेल्स कप आणि क्वीन्सलँड कप, सिडनीत त्याखाली रॉन मॅसी कप, आणि मग गावोगावचे 'ग्रुप'. आमचा ग्रुप ९. यंग हे चेरीच्या बागांचं गाव, म्हणून तिथला संघ चेरीपिकर्स. जुनी (Junee) हे रेल्वेचं गाव, तिथला संघ डिझेल्स. टुमटचे ब्लूज, गंडगायचे टायगर्स. मैदानाच्या कडेने गाड्या तोंड आत करून लावलेल्या असतात आणि आपल्या संघाने ट्राय केला, म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवला, की गाड्यांचे हॉर्न वाजतात.

अशा संघात अधूनमधून एखादा माणूस येतो ज्याला आपण टीव्हीवर पाहिलेलं असतं. मग बातम्यांची भाषा ठरलेली : कुठे होता, कुठे आला. ही भाषा मला पटत नाही.

आर्थर बीट्सनचंच बघा. क्वीन्सलँडमधल्या रोमा गावचा हा आदिवासी मुलगा १९६५ साली रेडक्लिफकडून ब्रिस्बेनची स्पर्धा जिंकला, पुढच्या वर्षी सिडनीला बालमेनकडे गेला. १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियाचा कर्णधार झाला. कुठल्याही खेळात देशाचं नेतृत्व करणारा पहिला आदिवासी. ईस्टर्न सबर्ब्जला १९७४ आणि १९७५ ची विजेतेपदं त्याच्या कप्तानीत मिळाली. वय झालं तसा पॅरामॅटाच्या दुय्यम संघात खेळू लागला. आणि तिथे असतानाच, ३५ व्या वर्षी, ८ जुलै १९८० ला लँग पार्कवरच्या पहिल्या स्टेट ऑफ ओरिजिन (क्वीन्सलँड विरुद्ध न्यू साउथ वेल्स) सामन्यात क्वीन्सलँडने त्याला कर्णधार केलं. क्वीन्सलँड २०-१० ने जिंकलं. त्यानंतर तो कुठे गेला? परत रेडक्लिफला, खेळाडू आणि प्रशिक्षक म्हणून. १९८१ च्या ब्रिस्बेनच्या अंतिम सामन्यात साउथ्सने शेवटच्या क्षणी त्यांना १३-९ ने हरवलं.

यात पडझड कुठे आहे? मला तर जिथून निघाला तिथे काहीतरी घेऊन परत गेलेला माणूस दिसतो. तुमच्या भागात असे कोणी खेळतात का, त्यांच्यामुळे क्लबचं भलं होतं का, की पैसा वाया जातो, हे वाचायला आवडेल.

---

रिंगरोझपार्क :

चांगला विषय. मी वेंटवर्थव्हिलला राहतो, तेव्हा आयडीवरून मैदान ओळखलंच असेल. आमच्या गल्लीत मराठी, गुजराती, तमिळ, तेलुगू सगळे आहेत. शनिवार-रविवारी आमच्या मॅगपाइज संघाचा सामना असला तर मी मुलाला घेऊन जातो.

पण बीट्सन हा अपवाद आहे आणि अपवादावरून नियम काढू नये असं मला वाटतं. तो आपल्याच जुन्या क्लबात गेला. बरेच माजी खेळाडू जो जास्त देईल त्याच्याकडे जातात. सिडनीत बहुतेक क्लबांच्या मागे 'लीग्ज क्लब' असतो : हॉटेल, जेवण, आणि मुख्य म्हणजे जुगाराची यंत्रं. पैसा तिथून येतो. छोट्या गावात ते नाही. तिथे गेटवरचे पैसे, सॉसेज भाजून विकणं, सोडत काढून मांसाचा ट्रे देणं आणि दोन-चार स्थानिक दुकानदारांच्या देणग्या. त्या पैशातून एखाद्या ३४ वर्षांच्या मोठ्या नावाला दर सामन्यामागे रक्कम मोजायची म्हणजे ज्युनियर संघांच्या जर्सी, बसभाडं, मैदानाचे दिवे, सगळ्यालाच कात्री. आणि सात वर्षांचा असल्यापासून त्याच क्लबात खेळणारा पोरगा बाहेर बसतो. त्याच्या आईवडिलांनी कँटीन सांभाळलेलं असतं. त्यांना काय सांगायचं?

---

मुरमबिजीकाठ :

@रिंगरोझपार्क, कँटीनमधल्या आईवडिलांचा मुद्दा मान्य. त्यासाठीच आमच्याकडे गुणांची पद्धत आहे. प्रत्येक खेळाडू आधी कुठल्या स्तरावर खेळला यावरून त्याला गुण लागतात. एनआरएल खेळलेल्याला भरपूर, क्लबातच वाढलेल्याला अगदी कमी. संघाच्या एकूण गुणांना मर्यादा असते. एक मोठं नाव आणलं की बाहेरून आणखी दोघा-तिघांना घेण्याची वाट बंद होते, आणि उरलेल्या जागा आपोआप गावच्या पोरांकडे जातात. पळवाटा काढणारे काढतात, पण ही पद्धत नसती तर लहान गावं केव्हाच बुडाली असती.

आणि पैसे देऊन माणूस आणणं हे आजचं नाही. आमच्या भागात १९२० पासून १९७१ पर्यंत माहेर कप नावाची स्पर्धा चालली. टुमटच्या एका हॉटेलमालकाने दिलेला कप. पद्धत अशी की कप ज्या गावाकडे असेल त्याला दुसऱ्या गावाने आव्हान द्यायचं, आणि सामना कपवाल्याच्या मैदानावर. हरलात की कप गेला. टुमट, गंडगाय, कूटामंड्रा, टेमोरा, यंग ही गावं या कपापायी एकमेकांशी बोलेनाशी व्हायची. सामन्यासाठी खास रेल्वेगाड्या सुटत. आणि कप टिकवायला सिडनीचे नावाजलेले खेळाडू 'कप्तान-कोच' म्हणून आणले जात. त्यांना पगार, राहायला जागा आणि गावात एखादी नोकरी मिळे. त्यांच्या हाताखाली खेळून तयार झालेली पोरं पुढे सिडनीला गेली.

याच मातीतला एरिक वाइसेल बघा, याने तर उलटंच केलं. सिडनीच्या कुठल्याच क्लबात तो गेला नाही. टेमोरा, बारमेडमन अशा गावांकडून खेळत राहिला आणि तिथूनच ऑस्ट्रेलियाच्या संघात गेला. १९३२ साली इंग्लंडविरुद्धच्या ब्रिस्बेनच्या कसोटीत, ज्या सामन्याला लोक आजही 'बॅटल ऑफ ब्रिस्बेन' म्हणतात, घोटा जबर दुखावलेला असताना तो लंगडत लंगडत अर्ध्याहून जास्त मैदान पळाला, आणि त्यातूनच हेक्टर गीचा निर्णायक ट्राय झाला. त्या काळात 'खालचा स्तर' म्हणजे कमी प्रतीचा खेळ असं कोणी म्हटलं असतं तर टेमोराच्या लोकांनी त्याला गावाबाहेर घालवलं असतं.

---

पेनाइनपार :

हडर्सफील्डहून लिहितेय. मी ज्या रस्त्याने कामाला जाते त्यावर जॉर्ज हॉटेलची इमारत लागते. २९ ऑगस्ट १८९५ ला तिथे उत्तर इंग्लंडमधले वीसहून जास्त क्लब जमले आणि रग्बी युनियनमधून बाहेर पडले. कारण साधं होतं. खाणीत आणि गिरणीत काम करणारे खेळाडू शनिवारी खेळले की त्यांची मजुरी बुडायची. ती भरून द्यावी एवढीच मागणी. लंडनच्या साहेबांना ते पटेना, म्हणून इकडचे वेगळे झाले. सुरुवातीला बुडालेल्या दिवसाचे ६ शिलिंग ठरले. १८९८ मध्ये खेळण्यासाठी उघड मोबदला द्यायला परवानगी मिळाली, पण अट अशी की खेळाडूला दुसरी नियमित नोकरी असलीच पाहिजे.

हे एवढ्यासाठी सांगतेय, की 'माजी व्यावसायिक खालच्या स्तरावर' असं आपण म्हणतो तेव्हा गृहीत धरतो की खेळ हाच पूर्ण वेळचा धंदा ही मूळ अवस्था आहे आणि बाकी सगळी घसरण. या खेळात ते उलट आहे. नोकरी सांभाळून खेळणं ही मूळ अवस्था. सुपर लीग ही इकडची सगळ्यांत वरची स्पर्धा १९९६ ला सुरू झाली, खेळ हिवाळ्यातून उन्हाळ्यात गेला, दूरचित्रवाणीचा पैसा आला आणि पूर्ण वेळचे व्यावसायिक सर्रास दिसू लागले. त्याआधी शंभर वर्षं बहुतेक जण काम करून खेळत होते.

आजही सुपर लीगखालच्या बहुतेक क्लबांमध्ये तसंच आहे. वीजकाम करणारे, शिक्षक, बांधकामावरचे. दिवसभर काम, आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी सराव, रविवारी सामना. सुपर लीगचा करार संपलेला तिशीतला माणूस बॅटली किंवा ड्यूजबरीसारख्या खालच्या क्लबात येतो तेव्हा तो आयुष्यात पहिल्यांदा एखादी नोकरीही धरत असतो. त्याची खरी कसोटी तिथे लागते.

बॅटलीचं माउंट प्लेझंट मैदान ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी जरूर पाहावं. मैदानाला चक्क उतार आहे. एक अर्धा चढणीला खेळायचं, दुसरा उताराला. चॅलेंज कप ही इकडची बाद पद्धतीची स्पर्धा, तिचा १८९७ चा पहिलावहिला कप याच क्लबने जिंकला होता. तिथे एखादा मोठ्या मैदानांवर वाढलेला खेळाडू पहिल्यांदा चढणीला तोंड करून उभा राहतो तेव्हा गावचे म्हातारे कठड्याला टेकून त्याच्याकडे बारकाईने बघत असतात. नावाला तिथे पहिली दहा मिनिटं किंमत असते. पुढे पाडणं आणि उठणं, एवढंच.

माझं आवडतं उदाहरण फुइफुइ मोइमोइ. टोंगात जन्मलेला, पॅरामॅटाकडून एनआरएलमध्ये दहा वर्षं खेळला. २०१५ ला इंग्लंडातल्या ली (Leigh) या क्लबकडे आला, मग टोरोंटो वुल्फपॅककडे, मग कंब्रियाच्या किनाऱ्यावरच्या वर्किंग्टन टाउनकडे. वर्किंग्टन हे एकेकाळी पोलादाचे रूळ घडवणारं गाव. १९५२ चा चॅलेंज कप त्यांच्याकडे होता, पण ते दिवस गेले. तिथे चाळिशीला टेकलेला हा माणूस चेंडू घेऊन सरळ समोरच्या भिंतीत घुसायचा आणि लोक उभे राहायचे. पॅरामॅटाला तो जसा घुसायचा तसाच. खेळात कमी-जास्त झालं असेल, पण हातचं राखून तो खेळला नाही.

---

कोल्हापूरची_चढाई :

रग्बीतलं काही कळत नाही, पण धागा वाचायला घेतला आणि सोडवेना. आमच्याकडे कबड्डीत थोडं असंच आहे. प्रो कबड्डीत चमकलेला खेळाडू जत्रेच्या स्पर्धेत एखाद्या मंडळाकडून उतरला की पंचक्रोशीतून माणसं येतात. फरक असा की आमच्या बऱ्याच खेळाडूंना पोलीस, रेल्वे, बँक यांची नोकरी खेळामुळेच लागलेली असते. खेळ थांबला तरी पगार चालू.

तुमच्या तिकडे तसं काही नाही का? करार संपला की घर कसं चालतं? आणि त्या टोरोंटोचं काय, कॅनडाचा संघ इंग्लंडच्या स्पर्धेत कसा?

---

पेनाइनपार :

@कोल्हापूरची_चढाई, तसं काही नाही. करार संपला की संपला. क्लब फार तर ओळखीच्या ठेकेदाराकडे शब्द टाकतो.

टोरोंटोची गोष्ट मोठी आहे, थोडक्यात सांगते. २०१७ मध्ये त्यांना इंग्लंडच्या तिसऱ्या स्तरावर घेतलं. पैसा भरपूर होता, म्हणून मोठमोठे माजी खेळाडू आणले आणि पहिल्याच वर्षी वर गेले. २०१८ ला सुपर लीगच्या दारात लंडनकडून ४-२ ने हरले, २०१९ ला फेदरस्टोनला हरवून आत गेले. २०२० मध्ये न्यूझीलंडचा मोठा स्टार सॉनी बिल विल्यम्ससारखा माणूस आणला. मग कोविड आला आणि जुलैमध्ये त्यांनी हंगाम अर्ध्यावर सोडला. खेळाडूंचे पगार थकले. कुटुंबं घेऊन इंग्लंडात आलेली माणसं, व्हिसा त्या क्लबशी बांधलेला.

म्हणून रिंगरोझपार्क म्हणतात त्यातलं अर्धं मला पटतं. एका माणसाच्या खिशावर उभा राहिलेला क्लब धोक्याचा. पण त्यात दोष खेळाडूचा नसतो. वर्किंग्टनसारख्या ठिकाणी मिळतात ते पैसे थोडे आणि क्लब जुना. तिथे निदान पुढच्या वर्षी गेट उघडेल याची खात्री असते.

---

हाडांची_ताई :

मी टूवूंबाला फिजिओ आहे. काही वर्षं इथल्या स्थानिक क्लबांबरोबर मैदानाच्या कडेला काम केलंय. भावनेच्या भरात एक गोष्ट मागे पडू नये म्हणून लिहिते.

३३-३४ वर्षांचा माजी व्यावसायिक माझ्यासमोर येतो तेव्हा त्याच्या खांद्याच्या, गुडघ्याच्या शस्त्रक्रिया आधीच झालेल्या असतात. वरच्या स्तरावर त्याच्या दिमतीला डॉक्टर, मालिश करणारा, बर्फाचा हौद, आहार सांगणारा, सगळं होतं. खाली काय असतं? एक प्रथमोपचार शिकलेला स्वयंसेवक आणि बर्फाची पेटी. सोमवारी सकाळी हा माणूस छपरावर पत्रे बसवायला जातो. शरीर तेच, पडणं-पाडणं तेच, फक्त दुरुस्ती करणारं कोणी नाही. शिवाय गावातला प्रत्येक तरणा पोरगा 'मी अमक्याला आडवा केला' हे सांगता यावं म्हणून त्याच्यावर दुप्पट जोराने येतो.

डोक्याच्या माराचं तर विशेष. २०१९ मध्ये सिडनीच्या रॉयल प्रिन्स आल्फ्रेड रुग्णालयातले डॉक्टर मायकल बकलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन मृत एनआरएल खेळाडूंच्या मेंदूत सीटीई हा आजार सापडल्याचं जाहीर केलं. वारंवार डोक्याला बसणाऱ्या धक्क्यांशी जोडलेला हा आजार आहे आणि तो निश्चित कळतो तो मृत्यूनंतरच. त्यानंतर नियम कडक होत गेले. एनआरएलमध्ये २०२३ पासून मेंदूला मार बसलेल्या खेळाडूला साधारणपणे ११ दिवस बाहेर राहावं लागतं. २०२४ च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्टने स्थानिक स्तरासाठी सांगितलं : स्पर्धेत परतायला किमान २१ दिवस, आणि त्यातले १४ दिवस कुठलंही लक्षण नसलेले.

म्हणजे खालच्या स्तरावर थांबायचं जास्त आहे, आणि ते योग्यच आहे, कारण इथे रोज तपासणारा डॉक्टर नाही. पण हे माजी खेळाडूंच्या गळी उतरवणं फार कठीण जातं. 'मी ओरिजिनमध्ये याहून वाईट मार खाऊन खेळलोय' हे वाक्य मी वेगवेगळ्या तोंडून ऐकलंय. अंधारी आली तरी सांगत नाहीत. आणि त्याचं बघून १८ वर्षांचं पोरही सांगत नाही. एक मोठा खेळाडू क्लबला काय देतो असं तुम्ही विचारलंत, तर माझ्या लेखी पहिलं हेच : मार बसला की स्वतःहून बाहेर यावं. ते एकदा त्याने केलं तर माझ्या सगळ्या भाषणांहून जास्त उपयोगी.

इंग्लंडात स्थानिक स्तरावर काखेच्या वर पाडायला बंदी आणली हे मला पटलं. सुरुवातीला लोक चिडले, चिडू देत.

---

रिंगरोझपार्क :

ताई, हे फार गरजेचं होतं. माझा मुलगा १२ वर्षांखालच्या संघात खेळतो, त्यामुळे जरा जास्तच जवळून वाचलं.

मुरमबिजीकाठ, एक विचारतो. परत वर जाण्याची संधी म्हणून खाली येणारे असतात त्यांच्याबद्दल काय मत आहे? टॉड कार्नीसारखे?

---

मुरमबिजीकाठ :

कार्नीबद्दल लिहायचंच होतं.

गोलबर्नचा मुलगा. कॅनबेरा रेडर्सचा सर्वांत हुशार तरुण खेळाडू, पण मैदानाबाहेरच्या वागण्यामुळे २००८ मध्ये क्लबने काढलं आणि एनआरएलचे दरवाजे बंद झाले. २००९ चं वर्ष तो उत्तर क्वीन्सलँडच्या पठारावरच्या ॲथर्टन या छोट्या गावात राहिला आणि केर्न्सच्या जिल्हा स्पर्धेत ॲथर्टन रूस्टर्सकडून खेळला. त्याच वर्षी सिडनी रूस्टर्स एनआरएलमध्ये शेवटच्या क्रमांकावर होते. २०१० मध्ये त्यांनी त्याला घेतलं. तो डॅली एम पदक, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, घेऊन गेला आणि तळाचा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोचला. तिथे सेंट जॉर्ज इलावाराने त्यांना ३२-८ ने हरवलं ते सोडा.

पुढे २०१४ ला क्रोनुलाने करार मोडला, मग फ्रान्सचा कॅटलान्स, सॅलफर्ड, २०१८ मध्ये परत केर्न्सचा नॉर्दर्न प्राइड. ॲथर्टनने त्याला सुधारलं असं मी म्हणणार नाही, गावाच्या संघावर तेवढं ओझं टाकू नये. पण वर्षभर त्याला खेळायला मैदान दिलं, शनिवार-रविवार दिला, आणि कोणीतरी त्याची वाट बघतंय ही जाणीव दिली. हे दरवाजे बंद करणाऱ्यांपैकी कोणीच दिलं नव्हतं. त्या मोबदल्यात ॲथर्टनच्या बाकी बारा जणांनी एक वर्ष असा माणूस शेजारी उभा राहिलेला पाहिला जो पुढच्याच वर्षी देशात सर्वोत्तम ठरला. तो पास कसा देतो, केव्हा थांबतो, हे त्यांनी हाताच्या अंतरावरून शिकलं. असा धडा सिडनीच्या अकादमीत पैसे मोजूनही मिळत नाही.

माझं मत विचाराल तर प्रश्न 'किती पैसे' हा नाहीच. माणूस मंगळवारी आणि गुरुवारी सरावाला येतो का, हा आहे. फक्त रविवारी गाडीने येऊन, खेळून, पाकीट घेऊन जाणारा माणूस क्लबला काही देत नाही, मग तो कितीही ट्राय करो. जो आठवडाभर गावात राहतो, १४ वर्षांखालच्या पोरांना पाडायचं कसं आणि डोकं कुठल्या बाजूला ठेवायचं हे दाखवतो, त्याला गुण लागोत, पैसे लागोत, घ्यावा. करारातच ते लिहून घ्यावं. आमच्या भागात आता काही क्लब तसं करतात.

---

डार्लिंगपलीकडे :

डब्बोला शिक्षिका आहे. या सगळ्या चर्चेत एक स्पर्धा आली नाही, आणि माझ्या मते तिच्याशिवाय हा धागा अपुरा आहे : कूरी नॉकआउट.

न्यू साउथ वेल्समधल्या आदिवासी समाजाची ही स्पर्धा १९७१ पासून चालते. पहिली सिडनीत सेंट पीटर्सच्या कॅमडनव्हिल मैदानावर झाली. त्या काळी गावाकडून कामासाठी सिडनीत आलेली अनेक आदिवासी कुटुंबं रेडफर्नच्या आसपास राहत होती. त्यांच्यातल्या चांगल्या खेळाडूंकडे निवड करणाऱ्यांचं लक्षच जात नव्हतं. सहा जणांनी मिळून ठरवलं की आपणच आपली स्पर्धा भरवायची. आता दर ऑक्टोबरच्या लांब सुट्टीत ती होते, आणि जो संघ जिंकतो त्याच्या गावाला पुढच्या वर्षीचं यजमानपद मिळतं.

इथे संघ हा गावाचा, कुळाचा असतो. एनआरएलमध्ये खेळणारा, एनआरएलमधून निवृत्त झालेला, आणि कधीच वर न गेलेला चुलतभाऊ एकाच ओळीत उभे असतात. माझ्या वर्गातली मुलं त्या आठवड्याच्या आधीपासून अभ्यासात नसतात आणि मी रागावतही नाही. त्यांच्या तोंडी अमुक तमुक एनआरएल स्टार असं येत नाही, 'माझा काका' असं येतं. तो काका ३६ वर्षांचा, गुडघ्याला पट्टी बांधलेला, आणि तरी त्याला उतरायचंच असतं, कारण पलीकडे त्याच्या आईच्या माहेरचा संघ आहे. त्याला इथे उतरवण्यासाठी पैशाची बोली लागत नाही. वरून खाली आला असंही कोणी म्हणत नाही, कारण त्या मैदानावर वर-खाली नाहीच.

रिंगरोझपार्क, तुम्ही विचारलं होतं बाहेर बसलेल्या पोराच्या आईवडिलांना काय सांगायचं. इथे मी पाहिलंय की तो पोरगा बाहेर बसून काकाला बघतो आणि पुढच्या वर्षी काका बाहेर बसतो. सगळीकडे असं होईल असं नाही. पण होऊ शकतं.

---

रिंगरोझपार्क :

@डार्लिंगपलीकडे, हे वाचून बरं वाटलं. नॉकआउटबद्दल नुसतं ऐकून होतो.

मी माझ्या मुद्द्यावर थोडा ठाम आहे, पण जरा नेमका करून मांडतो. मला काळजी वाटते ती त्या माणसाची, क्लबची नव्हे. पंधरा वर्षं कोणीतरी तुमचा दिवस आखून दिलेला असतो. उठायचं कधी, खायचं काय, धावायचं किती. ३४ व्या वर्षी ते अचानक थांबतं. खालच्या स्तरावर खेळत राहणं काहींसाठी हळूहळू उतरण्याची पायरी असते, काहींसाठी न संपलेल्या दिवसांना धरून बसणं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

इंग्लंडात सुपर लीग खेळलेल्या टेरी न्यूटनच्या २०१० मधल्या मृत्यूनंतर स्टेट ऑफ माइंड ही संस्था उभी राहिली, ती क्लबाक्लबांत जाऊन खेळाडूंशी मनाच्या आजारांबद्दल बोलते. ऑस्ट्रेलियात जुना खेळाडू रॉन कूट आणि इतरांनी २००२ मध्ये मेन ऑफ लीग सुरू केली, आता तिचं नाव फॅमिली ऑफ लीग. आजारी, एकटे पडलेले जुने खेळाडू आणि त्यांच्या घरच्यांकडे हे लोक जातात. नुसते नामांकित नव्हेत, गावाकडच्या मैदानांवरची रेघ मारणारा म्हातारासुद्धा. अशा संस्था आहेत म्हणून मी थोडा निर्धास्त आहे. क्लबांनी खेळाडू आणताना त्याच्याशी फक्त पैशाचं बोलू नये, खेळ थांबल्यावर काय करणार हेही विचारावं.

---

हाडांची_ताई :

+१. आणि पत्नीलाही विचारावं. मला खरी माहिती नेहमी तिच्याकडून मिळते : रात्री झोप लागते का, चिडचिड वाढली का, किल्ल्या कुठे ठेवल्या ते आठवतं का.

---

पेनाइनपार :

खालचे स्तर फक्त उतरायच्या वाटेवरचे नाहीत, हेही नोंदवते. क्वीन्सलँड कपमध्ये २०१४ ला पापुआ न्यू गिनीचा हंटर्स संघ आला आणि २०१७ ला त्यांनी ती स्पर्धा जिंकली. त्यातले कित्येक खेळाडू मग इकडे इंग्लंडात आले. त्याच स्पर्धेत पेटेरो सिवोनिसिव्हा २०१२ ला एनआरएल सोडल्यावर रेडक्लिफकडून खेळला, तेही ज्या गावात वाढला तिथूनच, आणि त्या तयारीवर २०१३ च्या विश्वचषकात फिजीकडून उतरला. फिजी उपांत्य फेरीत पोचली. एकाच मैदानावर एक जण वर निघालेला आणि एक जण परतीला. दोघांना एकमेकांची गरज असते.

---

कोल्हापूरची_चढाई :

भाचा शिकायला सिडनीला आलाय, न्यूटाउनजवळ राहतो. हा धागा त्याला पाठवला. तो विचारतो की मोठ्या स्टेडियमची तिकीटं महाग, खालच्या स्तराचा सामना कुठे बघू? एकट्याने गेलं तर चालतं का?

---

मुरमबिजीकाठ :

न्यूटाउनला राहतो आणि विचारतो कुठे बघू! त्याला मॅरिकव्हिलच्या हेन्सन पार्कला पाठवा, चालत जाईल. न्यूटाउन जेट्स हा १९०८ चा मूळ क्लब, १९८३ नंतर वरच्या स्पर्धेतून बाहेर पडला, आता न्यू साउथ वेल्स कपमध्ये खेळतो. जुन्या वीटकामाच्या खाणीच्या जागेवर झालेलं मैदान आहे, कडेने गवताचा उतार, तिथे चादर टाकून बसायचं. प्रेक्षकांची संख्या दर सामन्याला ८,९७२ अशीच जाहीर होते, मग लोक कितीही असोत. ती तिथली जुनी परंपरा. त्या आकड्याला सगळे टाळ्या वाजवतात, त्यानेही वाजवाव्यात.

एकट्याने गेलं तर काही हरकत नाही. खेळाडूंची यादी आधी बघून ठेवायला सांगा. एनआरएलमधून परतलेला एखादा असेल तर त्याच्याकडे चेंडू नसताना लक्ष ठेवायचं : कुठे उभा राहतो, शेजारच्या पोराला काय ओरडून सांगतो. आणि हिवाळ्यात दुपारी तीननंतर तिथे गार वारा सुटतो, जाकीट हवंच.